घरात आणलेला रोड

या व्यवहारातून केसरीनाथला काय मिळणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. त्यानं स्वतः बोटांवर मोजल्याशिवाय उभ्या जन्मात कशाला हात लावला नाही, मग आपण तरी का लावावा?

मशीन साडेनऊ लाखांचं. वापीकडं एक गॅरेज बंद पडलं होतं, त्याच्या मालकाला जागा रिकामी करायची घाई होती, आणि दुसऱ्याची घाई ही केसरीनाथची जुनी कमाई. नवं घ्यायचं तर तीस लाखांना हात लावावा लागला असता. गाडी त्यावर तीनदा पळवून ताकद मोजायचे अडीच हजार. दिवसाला चार गाड्या धरा, रविवारी सहा. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या घरामागं सहा वर्षं कुलपात पडलेली लूमची शेड कामाला लागणार; तिच्यातलं थ्री-फेजचं कनेक्शन जिवंतच होतं. आणि सगळ्यांत मोठा फायदा तर त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता. भावेशला यापुढं गाडी तपासायला हायवेवर जावं लागणार नव्हतं. तो हायवेवर गेला नाही की घरात पडघ्याचं नाव निघणार नव्हतं. पडघ्याचं निघालं नाही की सुगतचं निघणार नव्हतं.

भावेश केसरीनाथचा एकुलता मुलगा. धंदा गाड्यांच्या ट्यूनिंगचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडायचा, कंपनीनं भरलेलं खोडायचं आणि जास्त ताकदीचं भरायचं. ताकद खरंच वाढली का, हे गाडी जोरात पळवल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहाटे पाचला नाशिक हायवे. स्टिअरिंगवर सुगत, शेजारच्या सीटवर मांडीत लॅपटॉप घेऊन भावेश. सुगत हा दिघाशीच्या राघोचा मुलगा. राघोनं याच शेडमध्ये सत्तावीस वर्षं केसरीनाथचे लूम चालवले, आणि दोघांची पोरं एका बाकावर शिकली. सुगतला महिना बावीस हजार मिळत. कागद कुठलाच नाही. "घरचाच पोरगा हाय, त्याला कागद कंला?" असं केसरीनाथ म्हणायचा. ज्याला पगार कमी द्यायचा असतो, तो माणूस नेहमी घरचाच असतो.

दीड वर्षापूर्वी पडघ्याच्या पुढं एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा मागचा टायर फुटला आणि गाडी दुभाजकावर चढून उलटली. सुगत जागीच गेला. भावेशच्या खांद्याचं हाड मोडलं. त्यानं पहिला फोन बापाला केला. केसरीनाथ पस्तीस मिनिटांत पोचला, भावेशला आणि लॅपटॉपला आपल्या गाडीत घातलं, आणि मग पोलिसांना कळवायची सोय केली. जबाबात लिहून दिलं की सुगतनं गाडी न विचारता नेली, भावेश तेव्हा घरी झोपलेला होता. थोडक्यात, सुगत ड्युटीवर नव्हता. ड्युटीवर नाही, म्हणजे भरपाई नाही. वर गाडी चोरून नेल्याचा डाग. सुगतची बायको संघरत्ना ठाण्याच्या कामगार कोर्टात गेली होती. तिच्या हातात एकच वाक्य होतं, "ते ड्युटीवर होते," आणि ते खरं आहे असं सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता. तो खांद्याला पट्टा लावून, बाथरूममध्ये घसरलो, असं सांगत फिरत होता.

इतकं समजलं की पुढचं सोपं आहे.

मशीन ट्रेलरवरून आलं. लोखंडी चौकट, तिच्यात माणसाच्या कंबरेएवढ्या जाडीचे दोन जोड रोलर. गाडीची पुढची चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीला बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. रोलरला जोडलेला ब्रेक तिला अडवतो आणि तिची ताकद कॉम्प्युटरवर रेघ होऊन उमटते. बसवायला अंबरनाथहून मनोज फिटर आला. शेडच्या मधोमध चौदा फूट लांब, चार फूट रुंद खड्डा. लूमचे जुने बोल्ट अजून फरशीत होते. ते कापताना ठिणग्या उडाल्या आणि सहा वर्षांची रुई कोपऱ्याकोपऱ्यातून उठून सगळ्यांच्या डोक्यावर बसली.

"आवो, खड्डा खनताव, नारल तरी फोडा," केसरीनाथची बायको कमळ म्हणाली.

"विहीर खनतंय का मी? मशीन बसवतंय."

"नाव काय त्याचं?"

"डायनो," भावेश म्हणाला. "इंग्रजीत रोलिंग रोड म्हणतात, आई. फिरता रस्ता. गाडी पळते, पण जात कुठंच नाही."

कमळनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. खाडी जवळ, त्यामुळं भरतीला तळाशी पाणी पाझरत होतं. "रोडला दोन टोकं असतात," ती म्हणाली. "एका टोकाला घर असतंय. याला टोकच न्हाय, मंग यावर निघालेला मानूस घरी कसा पोचनार?"

मनोज हसला. "वहिनी, यावर माणूस नाय जात. गाडी जाते."

"गाडी एकटी जाते का?"

मनोज पुन्हा खड्ड्यात उतरला. केसरीनाथनं तीस रुपयांचा नारळ वाचवल्याचं समाधान चेहऱ्यावर आणलं आणि तो पंप आणायला गेला.

चौकट पाणसळीत बसवायला दोन दिवस गेले. केसाएवढा उतार राहिला तरी गाडी बाजूला सरकते, म्हणून मनोज खालून पत्र्याचे तुकडे सारत, नळीतला बुडबुडा मधोमध येईस्तोवर पोटावर पडून राहायचा. मग काँक्रीट. ते मुरायला एकवीस दिवस लागतील असं त्यानं सांगितलं, तेव्हा केसरीनाथनं लगेच मनातल्या मनात नव्वद गाड्या बुडवल्या. "दहा दिवसांत भागव ना."

"सिमेंटला तुमची घाई समजत नाय, शेठ."

एकवीस दिवस पुरे व्हायच्या आतच पहिली गोष्ट घडली. त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, आणि वर्षानुवर्षं खटखटीत राहिलेल्या कानांना ती शांतता दुखते. दुपारी कमळ शेडच्या दारात सुकट वाळत घालत होती. आतून घरघर ऐकू आली. मेन स्विच खाली होता, मशीनला वायरसुद्धा जोडलेली नव्हती. ती आत गेली. उजवीकडचे रोलर हळूहळू फिरत होते, गाडी आताच उतरून गेल्यावर फिरतात तसे, आणि फिरता फिरता थांबले. तिनं एकावर हात ठेवला.

"गरम नव्हता," तिनं नवऱ्याला सांगितलं. "कोमट. अंगासारखा."

"पत्र्याची शेड. उनानं तापला असंल."

"डावा थंड होता."

केसरीनाथनं मनोजला फोन लावला. मनोज म्हणाला, बेअरिंग मोकळं आहे, वाऱ्यानं फिरलं असेल. कारण फुकटात मिळालं म्हणून केसरीनाथनं ते घेतलं.

उद्घाटनाला भावेशनं स्वतःची पांढरी गाडी चढवली. पट्टे आवळले, समोर मोठा पंखा लावला, पाय दाबला. शेड थरथरली. पडद्यावर रेघ चढत गेली, सुरेख, चढणीसारखी. आणि इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर तिला एक खाच पडली. अर्ध्या क्षणाची. जणू चालवणाऱ्यानं पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. मग रेघ सरळ वर.

"पाय का उचललास?" मनोजनं विचारलं.

"नाही उचलला."

दुसऱ्यांदा खाच. तिसऱ्यांदा खाच. मनोजनं सेन्सर बदलला, मग स्वतः गाडीत बसला. खाच. भावेश पडद्याकडं बघत राहिला आणि त्याचा हात आपोआप खांद्यावर गेला. ते केसरीनाथनं पाहिलं, पण मोजलं नाही.

महिनाभरात सव्वीस गाड्या आल्या. पेट्रोलच्या, डिझेलच्या, एक तर शोरूममधून थेट आलेली. प्रत्येकीच्या रेघेला तीन हजारांवर तीच खाच. ठाण्याचा एक पोरगा ग्राफचा कागद हातात घेऊन म्हणाला, "भाई, मेरी गाडी में प्रॉब्लेम है या आपकी मशीन में?" आणि पैसे न देता गेला. तो कागद त्यानं आपल्या ग्रुपवर टाकला असावा, कारण पुढच्या आठवड्यात दोनच गाड्या आल्या. केसरीनाथ जेवताना भात कमी वाढून घेऊ लागला. त्याला झोप लागत नव्हती ती भुतामुळं नव्हे, रविवारच्या सहा गाड्यांमुळं.

एका सकाळी भावेशनं त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. तोच लॅपटॉप. केसरीनाथला वाटत होतं तो कधीच भंगारात गेला.

"हे बघा, आप्पा. हे हायवेवरचे जुने रेकॉर्ड. हा जानेवारीतला. हा फेब्रुवारीतला. सगळ्यांवर तीन हजारांवर खाच आहे. तेव्हा सुगत चालवायचा. ती त्याची सवय होती."

"मंग?"

"आणि हा बावीस मार्चचा."

त्या रेघेलाही खाच होती. खाचेनंतर रेघ तशीच सुरेख चढत गेली, आणि मधेच संपली. खाली आली नाही. नुसती संपली.

"हे ठेवलंस कंला?" केसरीनाथनं विचारलं.

"चारदा डिलीट केलं. परत येतं."

"खोटं बोलू नको."

"मग तुम्ही करा."

केसरीनाथनं भावेश दाखवेल ते बटण दाबलं. फाईल गेली. दोघं चहा घेऊन परत आले तेव्हा ती होती तिथंच होती, त्याच तारखेची. केसरीनाथनं कॉम्प्युटरवर कधीच विश्वास ठेवला नव्हता, म्हणून त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. पण दुपारी शेडमध्ये कोणी नसताना तो स्वतः पांढऱ्या गाडीत जाऊन बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस, लेंगा-सदऱ्यात, पट्ट्यांनी बांधलेल्या गाडीत. चावी फिरवली, गिअर टाकला, पाय दाबला. समोरची भिंत हलत नव्हती आणि काटा साठ, सत्तर, ऐंशी दाखवत होता. फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर आला तसं त्याच्या पायाखालचं पेडल वर आलं. झटका नाही, धक्का नाही. आपण दार ढकलताना पलीकडून कोणी हळूच आत ओढावं, तसं पायाला लागून वर आलं आणि थांबलं. कोणीतरी वाट बघत होतं. काहीतरी विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. केसरीनाथनं डावीकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग पेडल आपसूक खाली गेलं.

त्यानं गाडी बंद केली आणि बराच वेळ दार कुठल्या बाजूला उघडतं तेच त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तो वज्रेश्वरीला गेला. कुंडांच्या वरच्या अंगाला नामा भगत राहतो. त्यानं अकरा हजार सांगितले, केसरीनाथनं सातावर आणले. मशीनखाली भूत आहे की नाही हे अजून ठरलं नव्हतं, पण त्याचा भाव ठरला होता. नामानं तांदूळ पाहिले, राख फुंकली आणि म्हणाला, "मोकळा करता येतो. पन ज्याचा मानूस, त्याच्या घरचे मूठभर तांदूल लागतील. घरच्यांनी राजीखुशीनं दिलेले. चोरून न्हाय, इकत न्हाय."

वज्रेश्वरीहून परतताना दिघाशीवरून जाता येतं. मूठभर तांदळांसाठी दुसरी खेप कोण करणार?

राघो ओट्यावर बसला होता. केसरीनाथला बघताच तो उठला आणि एक शब्द न बोलता मागच्या दारानं निघून गेला. संघरत्ना अंबाडीच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. आताच कामावरून आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

"बसा, शेठ." पूर्वी ती काका म्हणायची.

तिनं पाणी दिलं, चहा टाकला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली सुगतचा फोटो होता, हसरा, एक डोळा जरा मिटलेला. केसरीनाथनं खुर्ची अशी सरकवली की फोटो पाठीमागं राहील. मग थोडं फिरवून, थोडं आडून, त्यानं तांदळांचं काढलं.

"कशाला?"

"तो येतो," केसरीनाथ म्हणाला. "माज्या शेडमध्ये. मशीनवर."

"कोण?"

"सुगत."

ती हसली नाही. "आमच्यात आत्मा मानत नाहीत, शेठ. आम्ही जलदान केलं, वंदना झाली, संपलं. मेल्यावर माणूस उरत नाही."

"तुमच्यात नसंल. पन येतो तो."

"तुमच्याकडं येतो." तिनं कप त्याच्यासमोर ठेवला, पण हात काढला नाही. "दीड वर्ष झालं. माझ्या स्वप्नातसुद्धा एकदा आला नाही. मला मानायचं नाही, तरी मी वाट बघितली. आणि तुमच्याकडं रोज येतो म्हणता."

ही तक्रार आहे की हेवा, केसरीनाथला कळेना. त्याला एवढंच कळलं की समोरच्याला माल खरा वाटत नाही. आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याचा एकच नेम होता: गिऱ्हाईक शंका घेऊ लागलं की ताबडतोब नमुना दाखवायचा.

"पुरावा हाय माज्याकडं," तो म्हणाला, आणि खाचेचं सगळं सांगून टाकलं. तीन हजार फेऱ्या, अर्धा क्षण, पेडल कसं वर येतं, कोणीतरी थांबल्यासारखं कसं वाटतं.

ऐकता ऐकता संघरत्ना खाली बसली. "पाय उचलायचा तो," ती म्हणाली. "जोर देण्याआधी. शेजारच्याकडं बघायचा. भावेश 'दे' म्हणाला की मगच दाबायचा. मला स्कूटी शिकवतानाही तेच. मागं बसून म्हणायचा, आधी विचार, मग दे. घरात आम्ही चिडवायचो त्याला. भाकरी वाढली तरी हात आखडून बघत बसायचा, 'दे' म्हटल्याशिवाय तोडायचा नाही."

"म्हंजे तोच. बरोबर."

"पण एकटा असला की नाही उचलायचा. एकटा माणूस विचारणार कुणाला?"

केसरीनाथला हायसं वाटलं. सौदा जमत आला होता, आता नमुना पुरा दाखवायचा एवढंच. "सगळ्या रेघांवर हाय तो. भावेशच्या लॅपटॉपमध्ये जुन्या बी हायत. जानेवारीतली, फेब्रुवारीतली. शेवटच्या दिवसाची, बावीस मार्चची, तिच्यावर बी हाय."

लॅबमध्ये रोज शंभर रिपोर्ट हातांखालून जाणारी बाई. ती आकडे नंतर वाचते, आधी वरचं नाव आणि तारीख बघते.

"बावीस मार्चची," ती म्हणाली.

बाहेर बस थांबून गेली.

"लॅपटॉप गाडीत होता. आणि त्यानं पाय उचलला." ती त्याला विचारत नव्हती, स्वतःशी जुळवत होती. "म्हणजे शेजारी कोणी होतं."

"तसं न्हाय, पोरी..."

"चहा घ्या, शेठ. गार होतोय."

तो घ्यायचा राहिला. तो उठला, चपला शोधू लागला. संघरत्ना आत गेली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात मूठभर तांदूळ बांधून घेऊन आली. "हे न्या. तुम्हाला लागतील. आम्हाला नाही लागत."

दिघाशी ते कोन या सबंध वाटेत केसरीनाथच्या डोक्यात एकच वस्तू होती. लॅपटॉप. तो खाडीत टाकायचा, आत्ताच्या आत्ता, भरतीला. मग बाई कोर्टात काहीही सांगो. म्हातारा बडबडला, असं वकील म्हणेल. घरापुढं त्यानं गाडी उभी केली ती दार न लावताच. शुक्रवार होता. सगळीकडं चिडीचूप, आणि घरामागून इंजिनाचा आवाज चढत होता.

शेडच्या दारात कमळ उभी होती, पदर तोंडावर धरून. "जाऊ नका आत," ती म्हणाली. तो गेला.

पांढरी गाडी रोलरवर पळत होती. भावेश डाव्या सीटवर बसला होता, बेल्ट लावून, मांडीत लॅपटॉप उघडा. स्टिअरिंगच्या सीटवर कोणी नव्हतं. सीट मात्र दबलेली होती. आवाज चढत तीन हजारांवर आला, खाली बसला आणि थांबला. या वेळी अर्धा क्षण नाही. इंजिन एका लयीत, खालच्या आवाजात थांबून राहिलं, रोलर फिरत राहिले, आणि भावेश घामानं निथळत, ओठ घट्ट मिटून, समोर बघत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

केसरीनाथला हे सगळं दिसलं असेलही. पण बघितला त्यानं लॅपटॉप. तो खिडकीपाशी धावला, हात आत घातला आणि उभ्या जन्मात ज्या शब्दानं त्यानं भाडी, हप्ते आणि सूट वसूल केली, तोच शब्द त्याच्या तोंडून निघाला.

"दे!" तो ओरडला. "दे इकडं तो!"

ज्यानं विचारलं होतं, त्याला उत्तर मिळालं.

इंजिन किंचाळलं. काटा शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस. शेडचे पत्रे वाजू लागले, रुई उठून सगळं पांढरं झालं. मागचा उजवा पट्टा ताणून तारेसारखा गाऊ लागला आणि तुटला. त्याचा लोखंडी आकडा केसरीनाथच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं गेला आणि पत्रा फाडून बाहेर पडला. गाडीचं मागचं अंग सरकलं, पुढची चाकं रोलरच्या कडेवर चढू लागली, आणि समोर सहा फुटांवर शेडचा सिमेंटचा खांब होता.

"नको!" भावेशचा आवाज फाटला. "सुगत, नको. थांब. मी बघतो मागं काय हलतंय. थांब."

इंजिन बंद पडलं. पडलं म्हणजे कोणी चावी फिरवावी तसं, सावकाश, शिस्तीत. रोलर फिरत राहिले, हळू झाले, थांबले. जळक्या रबराचा वास उरला.

भावेशनं बेल्ट काढायला दोनदा हात नेला, तिसऱ्यांदा निघाला. तो बाहेर आला, लॅपटॉप छातीशी धरून.

"त्या दिवशी त्यानं पाय उचलला, आप्पा. म्हणाला, मागं काहीतरी हलतंय, बघूया का? मी पडद्याकडं बघत होतो. वर न बघता 'दे' म्हटलं."

केसरीनाथच्या खिशात तांदळाची पुडी होती, आणि त्याचा हात तिच्यावर होता.

"मी दिघाशीला जातो," भावेश म्हणाला.

शेडला एकच दार होतं आणि केसरीनाथ आता त्यात येऊन उभा राहिला होता. चौसष्ट वर्षांचा असला तरी अंगानं आडवा माणूस. अडवायचं ठरवलं असतं तर अडवू शकला असता. मागून कमळनं त्याचा सदरा धरला.

"सरका, आवो," ती म्हणाली. "त्याला जाऊ द्या."

तो सरकला. मनानं की कमळनं ओढलं म्हणून, हे त्यालाही नीट सांगता यायचं नाही.

बावीस मार्चची रेघ कोर्टापुढं आली, भावेशचा जबाबही आला. निकालाला पाच महिने लागले. पांढरी गाडी, खांबापासून वाचली तरी, कोणी चालवेना, ती विकली. मशीन राजकोटचा एक माणूस सहा लाखांना घेऊन गेला. त्याच्याकडच्या रेघा कशा येतात हे केसरीनाथनं कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी फोन केला नाही. खड्डा बुजवायला दोन ब्रास खडी लागली.

तेव्हा आता शेवटची बेरीज. मशीनचे साडेतीन लाख, खड्ड्याचे आणि फिटरचे पावणेदोन, भगताचे सात हजार, जे त्यानं काम न होताही परत दिले नाहीत: हे केसरीनाथनं भरले. भरपाईचे साडेअठरा लाख आणि वरचं व्याज, तेही त्यानंच, गोदामाचा एक गाळा विकून. खोट्या जबाबाची केस बाप-लेक दोघांवर लागली. तारखा दोघं भरतात, एकाच रिक्षातून जातात, बोलत नाहीत. भावेश आता कल्याणला दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर आहे, कागद करून घेऊन. कमळनं काय भरलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. संघरत्नाला पैसे मिळाले, आणि एका कागदावर मिळालं की तिचा नवरा कामावर असताना गेला. नवरा तिनं आधीच भरला होता. राहता राहिला राघो. दिघाशीच्या नाक्यावर 'गाडीचोराचा बाप' असं कानांवर येऊ नये म्हणून तो दोन वर्षं पुढच्या स्टॉपपर्यंत पायी जाऊन बस पकडत होता, जाताना दीड किलोमीटर, येताना दीड. हे कलम निकालाच्या कागदात कुठंच बसलं नाही. ते राघोनं रोखीनं, रोजच्या रोज भरलं.